दुरुस्त चेहरा

सकाळी सव्वाअकराला डॉक्टरीणबाईंनी सात फोटो टेबलावर ओळीने मांडले, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून पाहिले आणि म्हणाल्या, "या फोटोंतल्या बाईला हा आजार नाही."

ती हसली. हॉस्पिटलात कुणी काही बोललं की आधी हसून घ्यायचं आणि मग अर्थ लावायचा, ही सवय तिला महिन्याभरात लागली होती. तीन आठवड्यांपूर्वी याच इमारतीत तिच्या नाकातून आत शिरून मेंदूच्या बुडाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीवरची गाठ जमेल तेवढी काढली होती. जमेल तेवढी, हे शब्द सर्जनचे. डोळ्याच्या नसेवर चढलेला भाग निघाला. उरलेला मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसला होता, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तो तुकडा वाढला तर पुन्हा नसेवर चढणार, आणि डाव्या डोळ्याचं जे थोडंफार परत आलं होतं ते कायमचं जाणार. त्याला जागच्या जागी थोपवायचं काम आता इंजेक्शनचं. ते फ्रिजमधून काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. थंडगार टोचलं तर कळ जास्त येते, म्हणून आधी थोडा वेळ बाहेर ठेवायचं. आणि तो वेळ फुकट जाऊ नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो पाहायला घेतले होते. हा आजार फार हळू येतो, असं त्या मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या. इतका हळू की घरच्यांना दिसत नाही, आरशात दिसत नाही, फक्त फोटोंत दिसतो. नाक कधीपासून रुंदावलं, हनुवटी कधीपासून पुढे आली, दातांत फटी कधी पडल्या, ते कळलं की हृदयाने आणि आतड्यांनी हा मार किती वर्षं खाल्लाय त्याचा अंदाज बांधता येतो. दीड-दोन वर्षांआडचा एकेक आणा, त्या म्हणाल्या होत्या. घरात फोटोंना तोटा नव्हता. नवरा फोटोग्राफरच होता.

आता तिने टेबलावर वाकून पाहिलं. सातही फोटोंत ती होती आणि सातही फोटोंत तिची हनुवटी एकच होती, लग्नात होती ती, लहान, मध्ये किंचित खळगी असलेली. लेकीच्या पदवीच्या दिवशीचा फोटो. त्या दिवशी तिची जीभ तोंडात मावत नव्हती, भाषणं चालू असताना ती सारखी गालाच्या आतून चावली जात होती आणि तिने रुमाल तोंडाशी धरून ठेवला होता, ते तिला लख्ख आठवलं. फोटोत रुमाल नव्हता. ती हसत होती, आणि खालचे दात एकमेकांना चिकटून, नव्या पेटीतल्या खडूंसारखे उभे होते. त्या दातांत तेव्हा काडी आरपार जायची.

"हे कुणी काढलेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच," शेजारच्या खुर्चीतून नवरा म्हणाला. "माझा स्टुडिओ आहे."

"टचिंग करता? चेहऱ्यांची दुरुस्ती?"

"थोडंफार. सगळ्यांचंच करावं लागतं."

"यांचं किती केलंय?"

त्याने एक फोटो उचलला, उजेडात तिरका धरला आणि कागदावर कुठे चरा पडलाय का ते पाहिलं. तीस वर्षांत तो असाच वागत आला होता. अडचणीचा प्रश्न आला की हातातली वस्तू नीट आहे ना ते बघायचं. डॉक्टरीणबाई फार थांबल्या नाहीत. बाहेर बाकावर माणसं होती. त्यांनी फोटो गोळा करून तिच्याकडे दिले आणि म्हणाल्या, "मूळचे असतील ते आणा पुढच्या वेळी. हे कॅलेंडरला बरे आहेत."

मग त्यांनी इंजेक्शनचं सांगितलं. ही ग्रंथी वाढीचं हार्मोन सोडते, गाठ तेच हार्मोन मनाला येईल तेवढं सोडत सुटते. शरीरातच दुसरं एक हार्मोन असतं, ते ग्रंथीला पुरे म्हणतं; पण त्याचं आयुष्य दोन-तीन मिनिटांचं. औषध म्हणजे त्या पुरे म्हणणाऱ्याची नक्कल. कातडीखाली खोल त्याचा साठा करून ठेवायचा, तो महिनाभर झिरपत राहतो आणि गाठीला महिनाभर पुरे, पुरे म्हणत राहतो. बऱ्याच गाठी ऐकतात, काही आक्रसतातही. काही ऐकत नाहीत. मग डोस वाढवायचा, नाहीतर रोज टोचायचं दुसरं औषध असतं, ते हार्मोनला अंगात कुठे थाराच मिळू देत नाही. गाठ तिकडे काही का करेना. पोट बिघडेल, पित्ताशयात खडे होऊ शकतात, साखर वरखाली होईल. तिने मान डोलावली. डोळ्याचं विचारायचं होतं, पण शब्द जुळायच्या आत नवऱ्याने विचारलं, "आणि चेहरा?"

महिन्याभरात हॉस्पिटलात त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मऊ भाग उतरेल. ओठ, जीभ, नाकाचा शेंडा, बोटं. हाड वाढलं ते वाढलं. हाड मागे जात नाही."

"बिलकूल नाही?"

"बिलकूल नाही," त्या म्हणाल्या, आणि टेबलावरची घंटी दाबली.

पडद्याआड पालथं झोपून ती नर्सची पावलं ऐकत होती. शेजारच्या कॉटवर एक म्हातारे मास्तर होते, प्रोस्टेटच्या गाठीसाठी दर महिन्याला यायचे. पुरुषपणाचं हार्मोन बंद पाडायचं इंजेक्शन. ते पडद्यापलीकडून नर्सला सांगत होते, "सिस्टर, मला आता बायकांसारखे घामाचे लोट येतात. बायको म्हणते, भोगा आता, मला येत होते तेव्हा पंखा कोण बंद करत होतं?" नर्स हसली. त्यांच्या आधी एक सात वर्षांची मुलगी येऊन गेली होती, तिचं शरीर मोठं व्हायची घाई करत होतं, त्याला थोपवून धरायचं इंजेक्शन. "आमच्या फ्रिजात सगळी थांब म्हणायचीच औषधं," नर्स म्हणाली. "काकू, पाय सैल सोडा. सुई जाड आहे, खोटं नाही सांगत. मोठा श्वास घ्या." सुई आत गेली आणि औषध फार सावकाश, घट्ट मधासारखं सरकत राहिलं. कळ खुब्यातून मांडीत उतरली. ती उशीत तोंड खुपसून पडून राहिली आणि त्या कळेच्या मध्यभागी तिला अंगठी आठवली. लग्नाला चोवीस वर्षं झाली तेव्हा त्याने तिला अंगठी आणली होती. जुनी बोटात अडकायला लागल्यामुळे तिने ती काढून ठेवली होती, त्याला त्याबद्दल काही बोललीही नव्हती. त्याने माप विचारलं नाही, दोरा गुंडाळून घेतला नाही, जुनी अंगठी नमुन्याला नेली नाही. आणि नवी बरोब्बर बसली. तिने ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. बघा, न मोजता. हेडक्लार्क म्हणाल्या होत्या, आमच्याकडे मोजून आणतात तरी चुकतं. त्या दिवशी किती तरी वेळ ती फोनवर बोलताना बोट वळवून अंगठीकडे बघत होती.

ऑफिस म्हणजे पाणीपुरवठ्याची तक्रार खोली. चार टेबलं, चार फोन, भिंतीवर शहराच्या पाइपांचा नकाशा. लोक पाणी आलं नाही की फोन करायचे आणि आधी शिव्या घालायचे. पण तिला नाही. तिचा आवाज ऐकला की पलीकडचा माणूस थबकायचा आणि म्हणायचा, "साहेब, जरा बघा ना आमच्या गल्लीचं." सुरुवातीला ती सांगायची, मी बाई आहे. मग सांगणं सोडलं, कारण साहेबाचं काम लवकर होतं असा लोकांचा समज होता आणि लोकांचा समज असला की तसं होतंही. खोलीत तिचं नावच साहेब पडलं. "साहेब, हे भडकलेलं गिऱ्हाईक तुम्ही घ्या," हेडक्लार्क म्हणायच्या आणि फोन तिच्याकडे सरकवायच्या. ती घ्यायची. घरी जाऊन हे नवऱ्याला सांगायची आणि दोघं हसायची. गेटवर नवा वॉचमन आला तेव्हा त्याने तिचं ओळखपत्र हातात घेतलं, तिच्याकडे पाहिलं, परत ओळखपत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे तुमच्या धाकट्या बहिणीचं आणलंत चुकून." हेही तिने घरी सांगितलं होतं, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून, वॉचमनचा आवाज काढून. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. ओळखपत्राचा फोटो त्यानेच काढला होता. आता पालथं पडल्या पडल्या तिला तो ठसका ऐकू आला आणि त्यात हसू किती होतं ते ती मोजू लागली. "झालं, काकू," नर्स म्हणाली. "चोळू नका तिथे. गाठ आल्यासारखं वाटेल, ते औषध आहे."

वाटेत रस्ता ओलांडताना त्याने सवयीने तिच्या डाव्या बाजूला जाऊन कोपर धरलं, कारण डावीकडून येणारी गाडी तिला दिसत नसे. ही सवय कधीची? गाठ सापडली दोन महिन्यांपूर्वी, चौकटींना खांदा आपटून आपटून काळानिळा झाला म्हणून ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली तेव्हा. तो डावीकडून चालायला लागला त्याच्या कितीतरी आधी. ती आठवत गेली तसतशी ती सवय मागे मागे सरकत गेली, एका उन्हाळ्यापर्यंत, त्याच्याही मागच्या एका लग्नापर्यंत. आणि मग आठवणीत नको असलेली खोली उघडली. दोन वर्षांपूर्वी ती आपण होऊन, नवऱ्याला घेऊन, घरच्या डॉक्टरकडे गेली होती. चपला दर वर्षी एक नंबर पुढे जातात, घाम येतो, डोकं दुखतं, तोंड काहीतरी वेगळं वाटतं. डॉक्टर भला माणूस, तिच्या लेकीला गोवर झाला तेव्हापासूनचा. तो म्हणाला होता, वेगळं म्हणजे कसं? जुना फोटो आहे का? नवऱ्याच्या पाकिटात तिचे फोटो असायचेच, एक लग्नानंतरचा, एक अलीकडचा. त्याने दोन्ही काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरने ते शेजारीशेजारी धरले आणि म्हणाला, "वहिनी, एवढ्या वर्षांत तुम्ही एवढ्याही बदलला नाहीत. आमच्या घरी दाखवायला न्यावेत असे फोटो आहेत. हे वयाचं आहे सगळं, पाळी जायची वेळ झाली, होतं असं." कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. नवऱ्याने फोटो उचलले, पाकिटात घातले, पाकीट खिशात ठेवलं. तेव्हाही ती हसली होती. कौतुकच केलं होतं ना तिचं.

संध्याकाळी ती स्टुडिओत गेली. पुढे काउंटर, मागे पडदा लावलेली फोटो काढायची जागा, बाजूला कॉम्प्युटर. तो एका मुलाच्या पासपोर्ट फोटोतले कान आत घेत होता. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"मूळचे फोटो काढा," ती म्हणाली.

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"मी त्याच्यावरच सेव्ह करतो, तुला माहितेय. दोन-दोन ठेवले की घोळ होतो. गिऱ्हाईक चुकीचा घेऊन जातं आणि मग आपल्याशी भांडतं." त्याने मुलाचे कान पूर्ण आत घेतले, किंचित बाहेर सोडले. "घरचे काय आणि गिऱ्हाइकाचे काय, कामाची पद्धत एकच."

"म्हणजे माझा चेहरा कुठेच नाही."

"असं काय बोलतेस."

"इतक्या वर्षांचा. कुठेच नाही." ती शांतपणे म्हणाली. तक्रार खोलीतला आवाज होता तो, पाइप फुटल्याचं ऐकून घेणारा. "तुम्हाला आठवतंय ना पण? काय काय काढलंत ते. मग परत घाला. आत्ता. मी बसते."

त्याला वाटलं ती रागाने बोलतेय, थोड्या वेळाने उठेल. त्याने चहा मागवू का विचारलं. ती नको म्हणाली, तुम्हीही नका घेऊ. मग त्याने मुलाचा फोटो बंद केला, सर्वांत अलीकडचा तिचा फोटो उघडला आणि चष्मा पुसला. सुरुवातीला त्याचा हात अडखळत होता. मग हनुवटीच्या कडेला टोक लावून त्याने ती खाली ओढली, थांबला, अजून जराशी ओढली, आणि तिथून पुढे त्याला थांबायची गरज पडली नाही. भुवयांवरचं हाड त्याने पुढे आणलं. नाक दोन्ही बाजूंनी पसरवलं, डावीकडे जास्त, कारण डावीकडे जास्त होतं. खालचा ओठ जाड केला, मान कलती करून पाहिलं, म्हणाला, "हा थोडा जास्त झाला," आणि कमी केला. दातांमधल्या फटी एकेक करून उघडल्या. तिच्या डाव्या गालावरचा एक छोटा मस, जो ती स्वतःही विसरून गेली होती, तो त्याने अचूक त्याच्या जागी ठेवला. तो रंगला होता. मन लावून काम करताना जिभेचं टोक ओठांत धरायची त्याची लकब होती, तसं त्याने धरलं होतं. पडद्यावरून ती स्वतःकडे पाहू लागली आणि तिला कळलं की या माणसाने तिच्याकडे जेवढं पाहिलं तेवढं जगात कुणी कुणाकडे पाहिलं नसेल. तिला शिसारी आली. आणि शिसारीच्या बरोबरीने, खाली कुठेतरी, एक जुना अभिमानही आला, अंगठीच्या वेळचा, त्याला तिने तिथल्या तिथे मुरगळून टाकलं.

"पुढचा," ती म्हणाली.

त्याने पुढचा केला. म्हणजे मागचा. मग त्याच्या मागचा. मागे जावं तसं घालायचं कमी होत गेलं. लेकीच्या शाळेच्या बक्षीस समारंभाचा फोटो आला तेव्हा तो म्हणाला, "यात काही नाही."

"काही केलं नव्हतंत?"

"केलं होतं."

"किती?"

"केसाएवढं." त्याने हनुवटी सरकवली. तिला काहीही फरक दिसला नाही. तिने दोनदा मागे-पुढे करायला लावलं तरी दिसला नाही. अकरा वर्षांपूर्वी, लेक सातवीत होती तेव्हा, ती स्वतःला धडधाकट समजत होती, दोन-दोन जिने चढत होती, तेव्हा या खोलीत या खुर्चीवर बसून त्याला हे दिसलं होतं.

"काय वाटलं होतं तुम्हाला?"

"काय वाटायचंय. लेन्सचा दोष वाटला."

"आणि नंतर?"

"नंतर..." त्याने चष्मा काढला. "नंतर सवय झाली. समोर आलं की हात जायचा. तू खूश व्हायचीस फोटो बघून."

"घरच्या डॉक्टरकडे का बोलला नाहीत? त्या दिवशी. तुम्ही तिथे बसला होतात."

त्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या. मग म्हणाला, "मला वाटलं, त्यांना दिसेल. तू समोरच बसली होतीस की. त्यांनी तुझ्याकडे बघायचं." आणि थोड्या वेळाने, "काय म्हणायचं होतं मी? की ही वाईट दिसायला लागलीय?"

त्याचे डोळे पाण्याने भरले होते. त्याला पाणी हवं होतं, तो बाटलीकडे बघत होता. बाटली तिच्या हाताजवळ होती. तिने ती दिली नाही. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय हे तिला समजत होतं. दुखऱ्या दाताला जिभेने ढोसताना वाटतं तसं. "लेकीच्या पदवीचा राहिला," ती म्हणाली. "तो करा. आणि तोंडाशी रुमाल होता माझ्या. तोही घाला, जमतो का बघू." त्याला रुमाल जमला नाही. जे फोटोत कधी नव्हतंच ते घालायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने दोनदा प्रयत्न केला, मग हात मांडीवर ठेवून बसून राहिला. तेव्हा ती उठली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी फोटोंचे दोन्ही संच वरखाली लावले आणि बराच वेळ पाहिले. "याला पुरावा म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हात चांगला आहे यांचा." नवरा बाहेर बाकावर होता, तिनेच त्याला बाहेर बसायला सांगितलं होतं. अकरा वर्षं धरून चालू या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हृदयाची सोनोग्राफी लिहून दिली, आतड्याची दुर्बिणीची तपासणी लिहून दिली. हृदयाची भिंत जाड झालेली निघाली. ते नंतर. त्या दिवशी निघताना तिने विचारलं, "दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर गाठ पूर्ण निघाली असती?"

"तेव्हाचा स्कॅन नाही आपल्याकडे. कसं सांगणार?" तिने जागा सोडली नाही. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "कदाचित निघाली असती. तेव्हा रक्तवाहिनीपर्यंत पोचली नसेल. कदाचित."

बाहेर तो उठून उभा राहिला. काय म्हणाल्या, त्याने विचारलं. खुब्यात दुसऱ्या इंजेक्शनची कळ होती, तिने भिंतीचा आधार घेतला आणि म्हणाली, "म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर निघाली असती." एक शब्द तिने गाळला. गाळताना तो तोंडात कसा होता आणि गाळल्यावर वाक्य कसं गुळगुळीत झालं, ते तिला नीट जाणवलं. तो परत बाकावर बसला. त्याच्या शेजारी ते प्रोस्टेटवाले मास्तर बसले होते. ते म्हणाले, "काय हो, तुमचाही नंबर लागला का आमच्या फ्रिजात?" तो हसला नाही. तिने त्याला बसू दिलं, तिला घाई नव्हती.

तिला वाटलं होतं, त्यानंतर घरात काहीतरी मोडेल. मोडलं नाही. तो सकाळी चहा करत होता, ती ऑफिसात जात होती, लेक दुसऱ्या शहरातून रोज फोन करून दोघांशी वेगवेगळं बोलत होती. "बाबा असे का बोलतात गं, घसा बसलाय का त्यांचा?" लेकीने विचारलं. "वय झालं त्यांचं," ती म्हणाली. रात्रीच्या जेवणात ती कधीकधी ते वाक्य पुन्हा म्हणायची, मीठ मागावं तसं, सहज. तो खाली बघून जेवायचा. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर तिच्या लक्षात आलं की आता ते म्हणताना तिला काही वाटत नाही, पण ती म्हणत राहिली.

मग एका सकाळी, चहाचा कप तिच्यासमोर ठेवता ठेवता, तो म्हणाला, "उजव्या नाकपुडीचं उतरलंय."

तिने आरशात जाऊन पाहिलं. काही दिसलं नाही. "डोकं फिरलंय तुमचं," ती म्हणाली. दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला, हार्मोन निम्म्यावर आलं होतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, अंगठी फिरते का बोटात, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही, घालत नाही मी. पुढच्या महिन्यात तो म्हणाला, "थांबलंय. मागच्यासारखंच आहे." रिपोर्टही तेच म्हणाला आणि डोस वाढवला गेला. तेव्हापासून तिला झोप लागेनाशी झाली. रक्त महिन्यातून एकदा घ्यायचे, स्कॅन सहा महिन्यांनी. मधल्या दिवसांत तिच्या डोक्याच्या बुडाशी काय चाललंय ते सांगू शकणारं जगात एकच यंत्र होतं आणि ते तिच्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला कूस बदलत होतं. चौथ्या इंजेक्शननंतर तीच त्याला म्हणाली, "बघा जरा." तिच्याच तोंडून ते शब्द निघाले. आता दर महिन्यात एका सोमवारी ती स्टुडिओत त्या स्टुलावर बसते, केस मागे बांधते. तो मोठा दिवा बंद करतो आणि एका बाजूने एकच दिवा लावतो. बाजूच्या उजेडात चेहऱ्याचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, काही लपत नाही. तो हात मागे बांधून उभा राहतो, हात लावत नाही. ती श्वास धरून बसते. तो एक वाक्य बोलतो. त्या वाक्यावर ती महिना काढते. ऑफिसात आता ती फोन उजव्या बाजूला घेऊन बसते, आणि परवा एक जण म्हणाला, "बाई, जरा साहेबांना देता का?" हेडक्लार्कनी ऐकलं आणि म्हणाल्या, "घ्या, साहेबांची बदली झाली." सगळे हसले. तीही हसली. तिला हे त्याला सांगावंसं वाटलं आणि तिने सांगितलं नाही.

कालचा सोमवार सहाव्या इंजेक्शननंतरचा. रक्त सकाळीच देऊन झालं होतं. रविवारपासून तिचं डोकं दुखत होतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. ती स्टुलावर बसली, केस बांधले. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि पाहू लागला. मग तो काउंटरकडे गेला, काही नसताना खण उघडला, बंद केला, परत आला. त्याने दर्शनी काचेवरचा पडदा पूर्ण बाजूला सरकवला आणि स्टुलासकट तिला हळूच उजेडाकडे वळवलं, सरळ समोर. समोरच्या उजेडात सगळे चेहरे सपाट होतात, खड्डे भरून येतात; गिऱ्हाइकांना तो असंच बसवतो, तीस वर्षं तिने पाहिलं आहे.

"बाजूचा दिवा लावा," ती म्हणाली.

"त्याचा बल्ब गेलाय."

"आणि?"

"छान उतरलंय," तो म्हणाला. "बरंच उतरलंय या वेळी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता, चुकवत नव्हता. दिव्याचं बटण भिंतीवर तिच्या डाव्या हाताला आहे. ते दाबून पाहायचं तर तिला मान पूर्ण वळवावी लागते. तिने मान वळवली नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि केस सोडले.

रिपोर्ट शुक्रवारी यायचा आहे.